चिनीतून कोरियनमध्ये, व्हाया मनीषनगर

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत मला ‘चायनावाल्या ताई’ म्हणतात. हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण त्याचे परिणाम मी भोगले आहेत. उन्हाळा लागला की कुणीतरी कूलरचा नवा पंप घेऊन दारात उभं राहतं, खोक्यावरच्या चिनी अक्षरांवर बोट ठेवतं आणि विचारतं, “ताई, हे वायर कुठी लावाचं लिवलं आहे जी?” मला चिनी येत नाही असं सांगितलं की समोरचा चेहरा पाहण्यासारखा होतो. खालच्या मजल्यावरच्या ढोबळेकाकू तर एकदा सरळच म्हणाल्या, “मंग इतके वर्षं हापिसात जाऊन तू करत का होती वं?”

काकूंचा प्रश्न रास्त आहे. जिन्यात उभं राहून त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी माणसं शोधत होते. आमची भाषांतराची कंपनी सदर भागात दोन खोल्यांत सुरू झाली. मौद्याच्या बाजूला एका कारखान्यात चिनी यंत्रं आली, त्यांच्यासोबतची माहितीपुस्तकं कुणालाच वाचता येईनात, तेव्हा आमच्या देशकर सरांनी कुठून कुठून माणसं जमवून ते काम निभावून नेलं. तिथून एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि एक दिवस कोरियातल्या एका वकिली कचेरीचं काम आमच्या टेबलावर येऊन पडलं. चिनी भाषेतली पेटंटची कागदपत्रं कोरियन भाषेत हवी होती. सरांनी ती कागदपत्रं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “हे करणारे लोक या जगात आहेत. तुम्ही फक्त शोधा.” त्या ‘फक्त’मध्ये माझी पुढची सगळी नोकरी गेली.

पेटंट म्हणजे शोधावरचा मालकी हक्क. तो देशागणिक वेगळा घ्यावा लागतो. चीनमध्ये हक्क मिळाला म्हणून कोरियात आपोआप मिळत नाही. आपल्याकडे जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, तशा पेटंटमध्ये शोधाच्या चतुःसीमा शब्दांनी आखलेल्या असतात. शब्द सरकला की हद्द सरकली. आणि ठरलेल्या मुदतीत कोरियन मजकूर तिथल्या सरकारी कचेरीत दाखल झाला नाही, तर त्या देशातला हक्क गेला, मग वकील कितीही मोठा असो.

लोक म्हणतात, चिनीचं इंग्रजी करा, इंग्रजीचं कोरियन करा, हाय काय नाय काय. पण एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतलं की थोडं सांडतंच. आमच्या वकिलांना थेंबही सांडलेला चालत नसे. म्हणून थेट चिनीतून कोरियन करणारा हवा. असे लोक बरेच आहेत. चीनच्या ईशान्येला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कोरियन कुटुंबं आहेत, शिकायला इकडून तिकडे गेलेले आहेत. पण त्यांतल्या किती जणांना बॅटरीच्या आत काय चालतं ते कळतं? ज्यांना कळतं त्यांतल्या किती जणांना पेटंटची ती करकरीत, कोरडी भाषा लिहिता येते? आणि असे जे उरतात ते दिवा घेऊन शोधावे लागतात, आणि सापडलेच तर नेमके त्या आठवड्यात त्यांच्या घरी लग्न असतं.

दोन्ही भाषा न येता मी पारख कशी करायची? इथे मला बाबांची नोकरी उपयोगी पडली. बाबा गांधीबागेत एका कापडाच्या पेढीवर होते. ते सांगायचे, थानाचं तोंड सगळेच झकास ठेवतात, कापड बघायचं तर आतून उलगडून बघावं. मी उमेदवाराकडून लांबलचक मजकूर करून घेई आणि तपासणाऱ्यांना मधलीच पानं पाठवी. दोन तपासणारे, एकमेकांना न ओळखणारे. पहिल्या पानावर शेर असलेले कित्येक जण मधल्या पानावर शेळी निघाले.

एक गृहस्थ असे होते की त्यांना सगळं यायचं. रसायन, वीज, औषधं, मोटारी, समुद्रातलं शेवाळ, कशालाही नाही म्हणत नसत. मी त्यांना परीक्षेलासुद्धा बसवलं नाही. या धंद्यात मला एकच खूण भरवशाची वाटत आली आहे. चांगला माणूस आधी नाही म्हणतो. ‘हा विषय माझा नाही’, ‘या आकृतीतला हा भाग मला कळला नाही’, असं लिहिणाऱ्याला मी जपून ठेवत असे. आता माझा भाचा मला चिडवतो, “मावशी, आता मशीन करून राह्यली ना सारं भाषांतर. माणूस काहून लागते?” करते बाबा मशीन, आणि झरझर करते. पण ‘मला कळलं नाही’ असं तिने म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

शेन नावाचे एक चिनी प्राध्यापक होते, चाळिशीतले, कोरियन साहित्य शिकवणारे. त्यांची कोरियन भाषा वाचून आमच्या एका तपासनीस बाईंनी ‘वा’ एवढंच लिहून पाठवलं होतं. आणि तरीही त्यांना नापास करा असं खाली लिहिलं होतं. कारण शेन यांनी एकाच भागाला एका ओळीत झडप म्हटलं, पुढच्या ओळीत पडदा, त्याच्या पुढे दार. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणं त्यांना गावंढळपणाचं वाटलं. साहित्यात ते बरोबरच आहे. पेटंटमध्ये मात्र कोर्ट म्हणतं, तीन नावं म्हणजे तीन वेगळे भाग. मी त्यांना नम्रपणे नकार कळवला. त्यांचं उत्तर आलं की आपल्या भाषेची आजवर सर्वांनी प्रशंसाच केली आहे आणि नागपूर हे गाव कुठे आहे ते आपल्याला नकाशात शोधावं लागलं. हा टोमणा मला आवडला होता.

आणि किमबाई. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून खरं तर मी लेखणी हातात घेतली.

किमबाई ईशान्य चीनमधल्या कोरियन घरातल्या. घरी कोरियन, शाळेत आणि कारखान्यात चिनी. फवारणीचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्या इंजिनियर होत्या, सगळी नोकरी तिथेच. निवृत्तीनंतर लेकीजवळ राहायला कोरियात आल्या. मी पहिल्यांदा काम पाठवलं तेव्हा ‘हे रंगांचं रसायन आहे, मला येत नाही’ म्हणून परत आलं. दुसऱ्यांदाही परत आलं. तिसऱ्यांदा मी पंप पाठवला. त्या कामासोबत इतक्या शंका आल्या की वकील वैतागले, आणि मग प्रत्येक शंका बरोबर आहे हे पाहून पुढची सगळी पंपाची कामं किमबाईंनाच द्या म्हणू लागले. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझं महापालिकेच्या शाळेतलं. आमचं छान जमलं.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. दोन्हीकडे मोतीबिंदू, त्यात साखर वाढलेली, त्यामुळे शस्त्रक्रिया लांबत चाललेली. त्यांनी लेकीकडून दोन ओळी लिहवून पाठवल्या. ‘मला आता अक्षरं दिसत नाहीत. माझं काम संपलं. आजवरच्या कामाबद्दल आभार.’ मी ऑफिसात बसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. जिला कधी पाहिलं नाही अशा बाईसाठी रडू येऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तो गुरुवार उजाडला. पाठीवर घ्यायच्या फवारणी पंपाचं एक पेटंट आमच्याकडे होतं. सोमवारी कोरियातलं ऑफिस बंद व्हायच्या आत ते दाखल व्हायला हवं होतं, म्हणजे आपल्याकडची सोमवार दुपार. मुदतवाढ वकिलांनी आधीच घेतली होती. आणि ते काम करत असलेल्या अनुवादकाला अपेंडिक्सच्या दुखण्याने दवाखान्यात नेलं होतं. त्याचं झालेलं काम एवढंच होतं, शीर्षक.

शोध लावणारा कुणी मोठा कारखानदार नव्हता. एका लहान वर्कशॉपवाल्याने काढलेली युक्ती होती. पंपाचा दांडा थांबला की आतलं औषध उलटं येऊन खालून गळतं, ते गळू नये म्हणून बसवलेली एक स्प्रिंगची झडप. सोमवार हुकला तर कोरियात ही झडप कुणीही बनवावी, त्याला विचारायचीसुद्धा गरज नाही.

मला ही गळती काय असते ते ठाऊक होतं. कुहीकडे माझा भाऊ कापसाची शेती करतो. पंपाचं नाव काढलं की तो म्हणतो, “पंप पाठीवर घेतला का पयलं औषध आपल्या पाठीवर, मंग पराटीवर.” हसत म्हणतो, पण त्याच्या पाठीवरचे चट्टे मी पाहिले आहेत. हातातलं काम कशाचं आहे याचा विचार एरवी मी करत नसे. त्या दिवशी केला.

ज्यांना ज्यांना पंप कळतो त्या सगळ्यांना विचारून झालं. कुणी मोकळं नव्हतं. शेवटी मी किमबाईंना फोन लावला.

“मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगितलं होतं.”

“कुणी वाचून दाखवलं तर?”

त्यांनी विचारलं, “चिनी वाचणारा आणि मी सांगीन ते कोरियन लिहिणारा? असा माणूस आहे तुमच्याकडे?”

होता. आमच्याकडे मुदती सांभाळणारा प्रकाश समोरच बसला होता. मी शेन यांचं नाव घेतल्यावर तो खुर्चीतून उठलाच. “ताई, त्याले तं तुमीच फेल केलं होतं ना जी!”

“म्हणून तर लक्षात आहे तो,” मी म्हटलं.

एका कागदावर दोन माणसं ही आमच्या धंद्यात न चालणारी गोष्ट. मजकूर गुप्त असतो, जितके डोळे तितका धोका. देशकर सरांनी वकिलांना फोन करून परवानगी काढली. कशी काढली ते मी विचारलं नाही. शेन यांना मी स्वतः फोन केला. “मी तर नापास माणूस,” ते म्हणाले, “माझं काय काम?” मी म्हटलं, “भाषा तुमची उत्तम आहे, पंप तुम्हाला कळत नाही. पंप कळणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना दिसत नाही. मला सोमवारपर्यंत एक अख्खा अनुवादक हवा आहे.” फोनवर ते मोठ्याने हसले. माझ्यावर हसले की स्वतःवर ते माहीत नाही, पण हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी काम सुरू झालं. शेन एक चिनी वाक्य वाचत, किमबाई ते कोरियनमध्ये सांगत, शेन टाइप करून परत वाचून दाखवत. काही अडलं तर हाताशी असावं म्हणून मीही त्या कॉलवर बसून राहिले. मला त्यातला एकच शब्द ओळखू यायचा, ‘बॅल्बु’. तो आपला व्हॉल्व्ह. शेन मधेच काही सजवू गेले की किमबाईंचा आवाज चढायचा आणि त्यात बॅल्बु, बॅल्बु, बॅल्बु असं तीनदा यायचं. झडपेला झडपच म्हणा हे मी एक पानभर पत्र लिहून त्यांना पटवू शकले नव्हते. बाईंनी दुपारच्या जेवणाआधी पटवलं.

शनिवारी दुपारी गाडी अडली. कॉलवर दोघांचेही आवाज चढले. भांडण ओळखायला भाषा यावी लागत नाही, म्हणून मी मधे पडले.

झालं होतं असं. मधल्या एका परिच्छेदात लिहिलं होतं की दांडा थांबला की स्प्रिंग झडप उघडते. ऐकताक्षणी किमबाईंनी थांबवलं. उघडली तर औषध सगळं पाठीवर येईल! त्यांनी शेन यांना आकृतीतली स्प्रिंग कुठल्या बाजूला काढली आहे ते वर्णन करायला लावलं. आकृतीत झडप बंद होत होती. बाकी सगळ्या मजकुरातही बंदच होत होती. मूळ लिहिणाऱ्याचीच चूक.

“मी ‘बंद होते’ असंच सांगणार,” किमबाई म्हणाल्या.

“कागदावर ‘उघडते’ आहे,” शेन म्हणाले. “मागे मी माझ्या मनाचं लिहिलं म्हणून मला नापास केलं. आता मी एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.”

असा पेच फक्त आमच्याच धंद्यात पडू शकतो. ज्याला विषय येत नाही तो चूक न कळता उतरवतो, आणि ज्याला फार येतो त्याचा हात ती सुधारायला शिवशिवतो. पेटंटमध्ये अनुवादकाने चूकही चुकीचीच उतरवायची असते आणि वेगळी टीप लिहून वकिलाला सांगायचं असतं. गुपचूप सुधारली तर उद्या प्रतिस्पर्धी कोर्टात म्हणेल, चिनी आणि कोरियन कागद जुळत नाहीत, बघा. किमबाईंना हा नियम माहीत होता. एरवी त्या पाळतही असत. पण त्या दिवशी त्या अडून बसल्या.

“फवारणी पंपातच माझी सगळी नोकरी गेली,” त्या म्हणाल्या. “हे माझं शेवटचं काम असेल. त्यात गळणारा पंप मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. बाकीचं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

दुसरं कुणी नव्हतं. वकिलांचे नियम त्यांना सांगून काही होणार नव्हतं, म्हणून मी त्यांना भावाच्या पाठीबद्दल सांगितलं. चट्टे कसे दिसतात ते सांगितलं. म्हटलं, “मलाही तो पंप गळायला नको आहे. पण तुम्ही आज हे लपवून दुरुस्त केलंत तर त्या वर्कशॉपवाल्याला त्याची चूक कळणारच नाही, आणि पुढे त्याचा हक्कच कुणीतरी उडवून लावेल. चूक आहे तशी लिहा, आणि शेजारी मोठ्याने बोंब मारा.”

‘बोंब मारा’चं इंग्रजी मी काय केलं ते आठवत नाही. पण शेन यांनी ते चिनीत सांगितलं, आणि किमबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मग टीप सांगायला घेतली. ती त्या परिच्छेदापेक्षा लांब झाली. स्प्रिंग कुठे, जोर कुठल्या दिशेला, औषध कुठून कसं परत येईल, माणसाच्या पाठीला ते कुठे लागेल. शेन यांनी त्यात एकही शब्द सजवला नाही.

रविवारी वकिलांनी ती टीप चीनमध्ये शोधकर्त्याला दाखवली. चूक त्यालाच मान्य झाली. सोमवारी मजकूर आहे तसा दाखल झाला आणि मागोमाग, आकृतीच्या आधारावर, वकिलांनी दुरुस्तीचा अर्जही लावला. पोच आली तेव्हा प्रकाश ओरडला, “ताई, लागलं जी एकदाचं!” आणि सगळ्या ऑफिसला तर्रीपोहे आले.

मी आता निवृत्त आहे. एका चिनी अक्षराचीही ओळख न करून घेता नोकरी संपली याची खंत वाटते. ज्यांच्या जिवावर माझं घर चाललं, त्यांतल्या एकाच्याही हातचा चहा मी प्यायलेली नाही. पेटंटच्या कागदावर अनुवादकाचं नाव कुठेच येत नाही, हे मला नेहमी खुपत आलं. त्या सगळ्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत आणि ते फेडायची सोय नाही.

पण त्या पंपाचं एवढ्यावर संपलं नाही. काही दिवसांनी वकिलांकरवी शोधकर्त्याचा निरोप आला. ती टीप लिहिणाऱ्याचं नाव त्याला हवं होतं, आभार मानायला. नाव सांगायची आम्हाला मुभा नव्हती, तसं आम्ही कळवलं. मी किमबाईंना फोन करून निदान निरोप तरी सांगितला.

“आभार राहू द्या,” त्या म्हणाल्या. “त्याला विचारा, त्याने पंप खरोखर बनवला आहे का? की नुसता कागदावरच आहे? आणि बनवला असेल तर गळतो का?”

आमच्या कामात असे प्रश्न कुणी विचारत नाही. मी वकिलांना विनंती केली, त्यांनी तो पुढे पाठवला. उत्तर आलं ते मी किमबाईंना फोनवर वाचून दाखवलं. ‘पहिला पंप माझी आई वापरते. फवारणीच्या दिवसांत सकाळी तो पाठीवर घेऊन आमच्या सफरचंदांच्या झाडांवर फवारते. घरी आल्यावर मी तिच्या पाठीला हात लावून बघतो. पाठ कोरडी असते.’

फोन कटला असं वाटून मी हॅलो, हॅलो म्हणत राहिले.

“ऐकते आहे,” किमबाई म्हणाल्या. “शेनला विचारा, उद्या सकाळी तो मोकळा आहे का. आणि पुढचं काम पाठवा.”